कनेक्टेड डायग्राम आणि सोर्स टर्म: वही घेऊन बसणाऱ्यांसाठी

क्वांटम फील्ड थिअरी शिकताना एक वाक्य हमखास भेटतं: जनरेटिंग फंक्शनलचा (सगळ्या सरासऱ्या साठवणाऱ्या इंटिग्रलचा) लॉग घेतला की फक्त कनेक्टेड डायग्राम (एकाच जोडलेल्या तुकड्याची चित्रं) उरतात. वर्गात ते एका ओळीत येऊन जातं. सिद्धता कुठेतरी परिशिष्टात असते, आणि विद्यार्थी वाक्य पाठ करून पुढे सरकतो. मग इफेक्टिव्ह ॲक्शन येतं, रीनॉर्मलायझेशन येतं, आणि कच्चं राहिलेलं तेच वाक्य प्रत्येक पानावर आडवं येतं.

हा लेख आर्णी, दारव्हा, मेहकर, चिमूर, आरमोरी अशा ठिकाणी बीएस्सी करून पुढे एमएस्सीला गेलेल्या आणि सुट्टीत गावी आल्यावर स्वतःच्या जोरावर वाचणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो. शंका विचारायला जवळ कुणी नसणं म्हणजे काय, ते मी रोज पाहतो. म्हणून इथे असं काहीच सांगणार नाही जे तुम्हाला वहीत स्वतः पडताळून पाहता येणार नाही. पेन्सिल, कोरी वही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे. गणित म्हणाल तर गॉसियन इंटिग्रल, एक्स्पोनेन्शियलची मालिका आणि लॉगची मालिका. रब्बीत रात्रीची लाईन आली की ओलिताला जावं लागतं. मोटार सुरू करून धुऱ्यावर बसल्या बसल्या होईल, इतकंच हे काम आहे.

चिन्हं आधी ठरवून घेऊ. फील्डची किंमत क्ष, सोर्स ज, परस्परक्रियेची ताकद ग, सगळं मिळून येणारं इंटिग्रल झ आणि त्याचा लॉग व. घातासाठी ^ हे चिन्ह वापरतो. क्ष^२ म्हणजे क्षचा वर्ग.

पायरी पहिली: अवकाश आणि काळ बाजूला ठेवा

खऱ्या फील्ड थिअरीत विश्वाच्या प्रत्येक बिंदूवर फील्डची एकेक किंमत असते आणि त्या सगळ्या किमतींवर इंटिग्रल (त्यालाच पाथ इंटिग्रल म्हणतात) घ्यायचं असतं. नवख्या माणसाला तिथे एकाच वेळी दोन गोष्टी त्रास देतात: अनंत चलं, आणि डायग्रामची मोजदाद. या दोन्ही एकत्र शिकायला जाऊ नका. आधी विश्वात एकच बिंदू आहे असं माना. मग फील्ड म्हणजे एकच संख्या क्ष, आणि पाथ इंटिग्रल म्हणजे बारावीत शिकलेलं साधं इंटिग्रल:

झ(ज) = ∫ एक्स्प( −क्ष^२/२ − ग·क्ष^४/२४ + ज·क्ष )

इंटिग्रल उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत घ्यायचं आणि २π च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ग आणि ज दोन्ही शून्य असताना झ बरोबर १ येतो. २४ म्हणजे ४ चं फॅक्टोरियल. ते का घेतलं हे चौथ्या पायरीत आपोआप दिसेल.

याला शून्य मितींची फील्ड थिअरी म्हणतात. यात कण नाहीत, प्रकाश नाही, वेळ नाही. पण कोणती डायग्राम येतात, प्रत्येकाला कितीने भागायचं, कोणती उरतात आणि कोणती कटतात, हा सगळा हिशेब चार मितींच्या थिअरीत जसा असतो तसाच्या तसा इथे आहे. आपल्याला नेमका तोच शिकायचा आहे.

पायरी दुसरी: सोर्स टर्म कशासाठी

दरवर्षी मला हमखास येणारा प्रश्न: “सर, शेवटी शून्यच करायचा आहे तं हा ज लावला कायले जी?” प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ग शून्य ठेवा. घातांकातला वर्ग पूर्ण केला की झ(ज) = एक्स्प(ज^२/२) मिळतं. आता झचा जच्या संदर्भात एकदा डेरिव्हेटिव्ह घ्या. इंटिग्रलच्या आत बघितलं तर घातांकातून एक क्ष खाली उतरतो. दोनदा घेतलं तर क्ष^२, चारदा घेतलं तर क्ष^४. शेवटी ज = ० केला की त्या घाताची सरासरी हातात येते. म्हणजे एका फलनात सगळ्या सरासऱ्या साठवलेल्या आहेत आणि ज ही त्या एकेक करून बाहेर काढायची सोय आहे. काम झालं की ज शून्य करतो, कारण आपल्याला बाहेरून न ढकललेल्या प्रणालीबद्दल जाणून घ्यायचं असतं.

हे करून पाहा. क्ष^२ ची सरासरी १, क्ष^४ ची ३, क्ष^६ ची १५, क्ष^८ ची १०५. या संख्या म्हणजे अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ वस्तूंच्या जोड्या लावायचे प्रकार. जोड्यांचा हा नियम इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जान-कार्लो विक याच्या नावाने ओळखला जातो; फील्ड थिअरीतला त्याचा लेख १९५० चा. प्रत्येक जोडी म्हणजे डायग्राममधली एक रेघ.

ज ही नुसती गणिती युक्ती नाही, हेही लक्षात असू द्या. विद्युतचुंबकीय फील्डचा सोर्स म्हणजे विद्युतप्रवाह. तारेतून प्रवाह सोडला की फील्ड तयार होतं, तसंच ज म्हणजे फील्डला बाहेरून दिलेला रेटा. ज्युलियन श्विंगरने १९५१ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा सोर्स हाच त्याच्या मांडणीचा गाभा होता: आपण बाहेरून ढकलतो, फील्ड कसा प्रतिसाद देतं ते मोजतो, आणि त्या प्रतिसादातच सगळी माहिती असते.

आता ग = ० असतानाच पहिला पुरावा पाहून घ्या. एक्स्प(ज^२/२) ची मालिका लिहा:

१ + ज^२/२ + ज^४/८ + ज^६/४८ + …

१ नंतरच्या पहिल्या पदाचं चित्र म्हणजे एक रेघ, दोन्ही टोकांना सोर्स. टोकांची अदलाबदल केली तरी चित्र तेच राहतं, म्हणून २ ने भागलं. पुढचं पद म्हणजे दोन सुट्या रेघा. प्रत्येकीची टोकं उलटता येतात, म्हणून २ × २, आणि दोन रेघा आपसात बदलता येतात, म्हणून आणखी २, एकूण ८. तिसरं पद तीन रेघांचं: २ × २ × २ × ६ = ४८. आता लॉग घ्या. उरलं फक्त ज^२/२, म्हणजे ती एकच जोडलेली रेघ. बाकी सगळी पदं त्या एका रेघेच्या प्रती होत्या, आणि लॉगने त्या काढून टाकल्या.

पायरी तिसरी: लॉग हे काम कसं करतो

हे डायग्रामच्या बाहेर एकदा पाहिलं की कायमचं बसतं. शेजारशेजारची तीन गावं घ्या. कोणत्याही दोन गावांमध्ये पांदण असेल किंवा नसेल. जोड्या तीन, म्हणून नकाशे २ × २ × २ = ८. यांतल्या किती नकाशांत कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला बंडी पांदणीनेच नेता येईल? चार: तिन्ही पांदणी असलेला एक, आणि दोनच पांदणी असलेले तीन. उरलेल्या चारांपैकी तिनांत एक जोडी जोडलेली आणि तिसरं गाव एकटं. एकात तिन्ही एकटी. म्हणून ८ = ४ + ३ + १.

चार गावांचे नकाशे ६४. ते सगळे काढत बसू नका, तुकड्यांनी मोजा. तीन गावं जोडलेली आणि एक एकटं: एकटं गाव निवडायचे ४ प्रकार, उरलेली तीन जोडायचे ४, एकूण १६. दोन-दोनच्या दोन जोड्या: ३. एक जोडी आणि दोन एकटी: ६. सगळी एकटी: १. मग पूर्ण जोडलेले नकाशे ६४ − १६ − ३ − ६ − १ = ३८.

म्हणजे जोडलेले नकाशे किती हे माहीत असलं की एकूण नकाशे बांधता येतात: गावांचे गट पाडा, आणि प्रत्येक गटासाठी एक जोडलेला नकाशा निवडा. गटांना क्रम नसतो, म्हणून त्यांच्या फॅक्टोरियलने भागावं लागतं. “काही तुकडे घ्या, कितीही घ्या, क्रम महत्त्वाचा नाही” याचा हिशेब मालिकेत लिहिला की एक्स्पोनेन्शियलच तयार होतं: १, अधिक तुकडा, अधिक तुकड्याचा वर्ग भागिले २, अधिक घन भागिले ६, आणि असंच पुढे. एकूण म्हणजे जोडलेल्याचं एक्स्पोनेन्शियल. म्हणून जोडलेलं म्हणजे एकूणाचा लॉग. डायग्रामच्या प्रमेयात याहून वेगळं काही नाही.

संख्याशास्त्र घेतलेल्यांना हे आधीच भेटलेलं असेल. मोमेंट जनरेटिंग फंक्शनचा लॉग घेतला की क्युम्युलंट मिळतात, आणि दुसरा क्युम्युलंट म्हणजे व्हेरियन्स. डॅनिश गणिती थोरवाल थीलेने ही कल्पना १८८९ मध्ये मांडली होती. फाइनमनच्या डायग्रामना तेव्हा अजून सुमारे साठ वर्षं अवकाश होता.

पायरी चौथी: ग चालू करा आणि ३५/३८४ ची फोड करा

ही पायरी वाचून सोडू नका, वहीत करा. साऱ्या लेखात कुठे सर्वांत जास्त वेळ द्यायचा तर इथे.

ज शून्य ठेवा. गची मालिका काढा. पहिल्या क्रमाला एक व्हर्टेक्स (रेघा जिथे मिळतात तो बिंदू, प्रत्येक गमागे एक), म्हणजे चार टोकं. त्यांच्या जोड्या ३. पद येतं −३ग/२४ = −ग/८. चित्र एकच: इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, एका बिंदूवर दोन वेटोळी. ८ कुठून आले? प्रत्येक वेटोळं उलटता येतं, २ × २, आणि दोन वेटोळी आपसात बदलता येतात, आणखी २. २४ ने का भागलं होतं तेही इथेच कळतं: चार टोकांना नावं देण्याचे २४ प्रकार आहेत, त्याने भागल्यावर उरतं ते फक्त चित्राच्या सममितीचं भागणं.

दुसऱ्या क्रमाला दोन व्हर्टेक्स, आठ टोकं, जोड्या १०५. एक्स्पोनेन्शियलच्या मालिकेतला २ आणि २४ चा वर्ग मिळून भाजक २ × ५७६ = ११५२. म्हणून पद १०५/११५२, म्हणजे ३५/३८४, गुणिले ग^२.

आता या १०५ जोड्या तीन ढिगांत वाटा. पहिला ढीग: प्रत्येक व्हर्टेक्सची टोकं आपापसातच जोडलेली. प्रकार ३ × ३ = ९. चित्र म्हणजे सुटे दोन आठ. दुसरा ढीग: प्रत्येक व्हर्टेक्सवर एक वेटोळं, आणि उरलेली दोन-दोन टोकं समोरच्याशी जोडलेली. वेटोळ्यासाठी दोन टोकं निवडायचे ६ प्रकार, दुसऱ्याकडेही ६, आणि उरलेली जोडायचे २, एकूण ७२. चित्र तीन मण्यांच्या माळेसारखं. तिसरा ढीग: चारही टोकं समोरच्याशी. प्रकार २४. दोन बिंदू, मध्ये चार रेघा. बेरीज करा: ९ + ७२ + २४ = १०५. एकही जोडी सुटली नाही.

११५२ ने भागा. ९ चे झाले १/१२८, ७२ चे १/१६, २४ चे १/४८. ही १२८, १६ आणि ४८ म्हणजेच त्या चित्रांचे सिमेट्री फॅक्टर. त्यांचा नियम अनेकांना जड जातो. पण जोड्या मोजून एकदा असं भागलंत की नियम पाठ करायची गरजच राहत नाही.

आता लॉग घ्या. लॉग(१ + अ) = अ − अ^२/२ + … हे वापरा. ग^२ चं पद येतं ३५/३८४ वजा (१/८)^२ चा निम्मा, म्हणजे ३५/३८४ − ३/३८४ = ३२/३८४ = १/१२. आणि १/१६ + १/४८ = ३/४८ + १/४८ = १/१२. जे वजा झालं ते नेमकं १/१२८, म्हणजे सुट्या दोन आठांचं चित्र. जोडलेली दोन राहिली. मला हा हिशेब फार आवडतो. कुणाचाही शब्द मानावा लागत नाही. प्रमेय तुमच्या वहीत, तुमच्या अक्षरात उभं राहतं.

पायरी पाचवी: दोन वेगवेगळ्या वजाबाक्या, आणि तिथला गोंधळ

बहुतेकांची गाडी इथे अडते. पुस्तकात एकदा येतं: “झ(०) ने भागलं की व्हॅक्यूम डायग्राम (बाहेरचं टोक नसलेली चित्रं) कटतात.” नंतर येतं: “लॉग घेतला की डिसकनेक्टेड डायग्राम कटतात.” वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकच. तसं नाही.

क्ष^२ ची सरासरी पहिल्या क्रमापर्यंत काढू. अंशात १ − १५ग/२४, छेदात १ − ३ग/२४. भागाकार १ − १२ग/२४ = १ − ग/२. अंशातल्या १५ जोड्यांपैकी ३ अशा होत्या की बाहेरची दोन टोकं एकमेकांशी जोडलेली आणि बाजूला एक सुटा आठ. त्या छेदाने काढल्या. उरलेल्या १२ म्हणजे मध्ये एक वेटोळं असलेली रेघ, सिमेट्री फॅक्टर २. इथपर्यंत भागल्याने जे झालं तेच लॉगनेही झालं असतं. म्हणूनच दोन टोकांवर थांबणाऱ्याला फरक कधी दिसत नाही.

चार टोकं घ्या. क्ष^४ ची सरासरी: अंशात ३ − १०५ग/२४, छेद तोच. भागाकार ३ − १०५ग/२४ + ९ग/२४ = ३ − ४ग. व्हॅक्यूम डायग्राम आता पूर्ण गेले. पण ३ − ४ग मध्ये जोडलेलं किती? ३ म्हणजे दोन सुट्या रेघा. चार टोकांच्या जोड्या लावायचे तीन प्रकार. −४ग पैकी −३ग म्हणजे तशाच दोन सुट्या रेघा, त्यांतल्या एकीवर वेटोळं: ३ प्रकार, दोनपैकी कोणत्याही रेघेवर, प्रत्येकी −ग/२. या चित्रांत बाहेरच्या टोकांपासून तुटलेला तुकडा एकही नाही, म्हणून झ(०) ने भागून ती जात नाहीत. तरीही चित्र दोन तुकड्यांचंच आहे. ती जायला क्ष^२ च्या सरासरीच्या वर्गाची तिप्पट वजा करावी लागते: ३ × (१ − ग) = ३ − ३ग. उरलं −ग. एक व्हर्टेक्स, चार पाय, बस.

लॉग हे सगळं एका फटक्यात करतो. ज ठेवूनच झ काढा: क्षच्या जागी क्ष + ज घेतलं की पहिल्या क्रमापर्यंत

झ(ज) = एक्स्प(ज^२/२) × [ १ − (ग/२४)(ज^४ + ६ज^२ + ३) ]

आणि लॉग घेतल्यावर

व(ज) = ज^२/२ − ग·( ज^४/२४ + ज^२/४ + १/८ )

ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कंसातली तीनही पदं जोडलेली चित्रं आहेत: चार सोर्स एका व्हर्टेक्सला, दोन सोर्स आणि एक वेटोळं, आणि सोर्स नसलेला आठ. दोनदा डेरिव्हेटिव्ह घेऊन ज = ० करा: १ − ग/२. चारदा घ्या: −ग. वर अर्धं पान खर्चून काढलेली दोन्ही उत्तरं दोन ओळींत आली. सोर्स टर्म का ठेवायची याचं माझ्या मते हे सर्वांत चांगलं उत्तर आहे. ज नसता तर लॉगला पकडायला फक्त व्हॅक्यूम डायग्राम मिळाले असते. बाहेरची टोकं कोणत्या तुकड्यात गेली याचा हिशेब ठेवतो तो ज.

पायरी सहावी: निसर्गाला जोडलेलंच का हवं

इथवरचं सगळं मोजदाद होती. भौतिकशास्त्र कुठे आहे?

समजा एक सोर्स नागपुरात आणि दुसरा गडचिरोलीत, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग एकूण झ हा दोन झचा गुणाकार असला पाहिजे, जसं दोन स्वतंत्र घटनांच्या शक्यतांचा गुणाकार होतो. गुणाकाराचा लॉग म्हणजे बेरीज. म्हणून व हा वेगळा-वेगळा भागतो: नागपूरचा व अधिक गडचिरोलीचा व. दोन्ही ठिकाणचे सोर्स एकत्र असलेलं एखादं पद वमध्ये उरलं, तर तो दोघांमधल्या खऱ्या संबंधाचा पुरावा. फील्डच्या कणाला वस्तुमान असेल तर हे पद अंतराबरोबर घातांकी वेगाने विझत जातं.

दुसरं कारण ऊर्जेचं. आकारमान ‘आ’ असलेल्या पेटीत ‘का’ एवढा काळ थिअरी चालू ठेवली, तर जोडलेलं प्रत्येक व्हॅक्यूम डायग्राम पेटीत कुठेही आणि केव्हाही बसू शकतं, म्हणून त्याला एकदा आ × का मिळतो. दोन तुकड्यांच्या डायग्रामला त्याचा वर्ग. पण निर्वाताची ऊर्जा आकारमानाच्या पटीत वाढायला हवी, वर्गाच्या पटीत नाही. लॉग घेतल्यावर वर्ग, घन सगळे जातात आणि आ × का गुणिले एक ठराविक संख्या उरते. ती संख्या म्हणजे ऊर्जेची घनता, चिन्ह उलटं. सांख्यिकी भौतिकीत पार्टिशन फंक्शनचा लॉग घेऊन फ्री एनर्जी काढतो, त्यामागेही हेच आहे.

पायरी सातवी: खऱ्या फील्डकडे परत

आता बिंदू एकाचे अनंत करा. ज ही संख्या न राहता प्रत्येक बिंदूवरचं फलन होते आणि साध्या डेरिव्हेटिव्हच्या जागी फंक्शनल डेरिव्हेटिव्ह येतो. प्रत्येक रेघेला १ ऐवजी प्रोपगेटर लागतो, म्हणजे संवेगाच्या भाषेत १ भागिले (संवेगाचा वर्ग + वस्तुमानाचा वर्ग). प्रत्येक व्हर्टेक्सला −ग, आणि वेटोळ्यातल्या संवेगावर इंटिग्रल. सिमेट्री फॅक्टर तुम्ही काढले तेच. अनंत उत्तरं त्या वेटोळ्यांच्या इंटिग्रलमधून येतात. तो रीनॉर्मलायझेशनचा विषय, आणि मोजदाद पक्की असेल तर तो निम्मा सोपा होतो.

ग = ० वालं ज^२/२ हे पद इथे काय होतं ते जरूर करून पाहा. दोन स्थिर बिंदूंवर सोर्स ठेवले की वमधलं दोघांना जोडणारं पद त्यांच्यातली ऊर्जा देतं: स्केलर फील्डसाठी उणे एक्स्प(−म·र) भागिले ४π·र, गुणिले दोन्ही सोर्सची ताकद. म म्हणजे कणाचं वस्तुमान, र म्हणजे अंतर. हेच हिदेकी युकावाने १९३५ मध्ये अणुकेंद्रातल्या बलासाठी मांडलेलं सूत्र. हे बल वाहून नेणाऱ्या पायॉन या कणाचं वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही (ऊर्जेच्या एककात) धरलं तर पल्ला १९७ भागिले १४०, म्हणजे साधारण १.४ फेम्टोमीटर येतो (१९७ हा एमईव्हीवरून फेम्टोमीटरला नेणारा आकडा). अणुकेंद्रातल्या बलाचा पल्ला साधारण एवढाच असतो. पायॉन सापडला १९४७ मध्ये. एक रेघ आणि दोन सोर्स, एवढ्या चित्रातून हे निघतं.

वाचताना जपायच्या काही जागा

पुस्तक बदललं की अक्षरं बदलतात. काही लेखक लॉगला एक अक्षर देतात, काही तेच अक्षर मूळ इंटिग्रलला. काही लॉगपुढे उणे चिन्ह घेतात, काही काल्पनिक एककाने गुणतात. नवं प्रकरण उघडलं की आधी व्याख्येची ओळ शोधा आणि पेन्सिलीने समासात आपल्या चिन्हांत लिहून घ्या. आपण इथे जे केलं त्यात काळ काल्पनिक केलेला आहे. म्हणून घातांकात काल्पनिक एकक कुठेच दिसलं नाही.

मालिका अनंतापर्यंत जोडत गेलं की उत्तर नेमकं येईल, असंही धरून चालू नका. ग उणे केला तर आपलं मूळ इंटिग्रलच फुटतं. म्हणजे ग = ० च्या भोवती मालिका अभिसारी असूच शकत नाही. फ्रीमन डायसनने १९५२ मध्ये विद्युतगतिकीबद्दल याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. पहिली काही पदं मात्र उत्तम काम देतात.

व्याख्यानं एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमावर) फुकट आहेत. नेटवर्क बरं असेल तेव्हा उतरवून ठेवा. शोधनिबंधांसाठी १९९१ पासून चालू असलेलं अर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत. पण आधी वही. पाच तास व्हिडिओ पाहण्यापेक्षा १०५ जोड्यांचे तीन ढीग स्वतः लावणं जास्त शिकवतं, हे मी विद्यार्थ्यांकडे बघून खात्रीने सांगतो.

सरावाला दोन गणितं

पहिलं: चौथ्या पायरीतलं तिसऱ्या क्रमापर्यंत न्या. क्ष^१२ ची सरासरी १०३९५ आहे. झमध्ये ग^३ चा सहगुणक −३८५/३०७२ येईल, आणि लॉग घेतल्यावर −११/९६. आता तीन व्हर्टेक्सची जोडलेली चित्रं काढा. ती चारच आहेत: चार मण्यांची माळ; तीन व्हर्टेक्सचं वलय, प्रत्येकावर एक वेटोळं; त्रिकोण, ज्याची प्रत्येक बाजू दुहेरी; आणि चार रेघांनी जोडलेले दोन बिंदू, त्यांतल्या एका रेघेवर वेटोळं. सिमेट्री फॅक्टर अनुक्रमे ३२, ४८, ४८ आणि २४. बेरीज ११/९६ जुळली की चित्र सुटलं नाही याची खात्री.

दुसरं: क्ष^४/२४ च्या जागी क्ष^३/६ घ्या. हे इंटिग्रल खरं तर अभिसारी नाही, पण मालिकेचा हिशेब चालतो. ग^२ चं पद १५/७२, म्हणजे ५/२४. चित्रं दोन, दोन्ही जोडलेली. एकात दोन वेटोळी मधल्या एका रेघेने जोडलेली, फॅक्टर ८. दुसऱ्यात दोन बिंदूंमध्ये तीन रेघा, फॅक्टर १२. आता प्रत्येक चित्रातली कोणतीही एक रेघ कापून पाहा. पहिल्यात मधली रेघ कापली तर चित्राचे दोन तुकडे होतात. दुसऱ्यात कोणतीही कापली तरी एकच राहतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांना वन-पार्टिकल-इर्रिड्युसिबल म्हणतात. लॉगने जोडलेली चित्रं वेगळी केली, तशी यांना वेगळं करायला वचा लेजांड्र ट्रान्सफॉर्म घ्यावा लागतो, आणि इफेक्टिव्ह ॲक्शनचं प्रकरण तिथूनच सुरू होतं.